ध्रुव निर्मनुष्य नाही: भारताच्या आर्क्टिक धोरणकर्त्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री आणि मा. सचिव, पृथ्वी विज्ञान मंत्रालय, नवी दिल्ली
मा. संचालक, राष्ट्रीय ध्रुवीय आणि सागरी संशोधन केंद्र, वास्को द गामा, गोवा

सविनय नमस्कार.

कोकणातल्या एका माध्यमिक शाळेत मी बरीच वर्षे भूगोल शिकवला. टंड्रा प्रदेशाचा धडा आला की ‘एस्किमो बर्फाच्या घरात राहतात, सीलची शिकार करतात आणि कच्चे मांस खातात’ एवढ्या एका वाक्यात मी एका संपूर्ण मानवसमूहाची बोळवण करत असे, आणि मुले ते वाक्य पाठ करून गुण मिळवत. ते लोक स्वतःला इनुइट म्हणवतात, ‘एस्किमो’ हे नाव इतरांनी दिलेले असून त्यांच्यापैकी अनेकांना ते अपमानास्पद वाटते, हे मला फार उशिरा कळले. आणखी उशिरा हे कळले, की ज्याला मी फळ्यावर ‘बर्फाच्छादित, ओसाड समुद्र’ असे लिहीत होते तो त्यांचा रस्ता आहे, त्यांचे शिवार आहे आणि त्यांचे कोठारही आहे. जी चूक मी वर्गात वर्षानुवर्षे केली, तिचीच छाया मला आपल्या देशाच्या ध्रुवीय कामावर दिसते, आणि म्हणून हे पत्र लिहिण्याचे धाडस करत आहे.

ही चूक कशी घडली असावी, याचा मी विचार केला आहे. आपली ध्रुवांशी ओळख अंटार्क्टिकापासून झाली. 1981 च्या डिसेंबरात पहिली मोहीम गोव्याहून निघाली. पुढे दक्षिण गंगोत्री, मैत्री आणि 2012 मध्ये भारती अशी केंद्रे उभी राहिली. त्या खंडाला मूळचे रहिवासीच नाहीत, त्यामुळे कोणाची परवानगी घ्यावी, कोणाला विचारावे, कोणाच्या वाटेत आपण आलो, असा प्रश्न आपल्या शास्त्रज्ञांपुढे कधी आलाच नाही. त्यानंतर 2008 मध्ये आर्क्टिकमध्ये ‘हिमाद्री’ सुरू झाले, ते नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहावर नी-ओलसुंड येथे. आणि योगायोग असा, की संपूर्ण आर्क्टिकमध्ये ज्या मोजक्या भूभागांवर मूलनिवासी कधी राहिले नाहीत, त्यांपैकी स्वालबार्ड हा एक आहे. म्हणजे चाळीसहून अधिक वर्षे आपण ध्रुवीय प्रदेशांत जात आहोत, आधी दक्षिणेला आणि मग उत्तरेलाही, आणि दोन्हीकडे आपल्याला निर्मनुष्य बर्फच भेटला आहे. प्रयोगशाळेच्या खिडकीतून जे दिसले त्यालाच आपण आर्क्टिक समजलो.

या बर्फाकडे आता जरा खालून पाहू. समुद्राचे पाणी उणे 1.8 अंश सेल्सिअसच्या सुमारास गोठते. गोठताना त्यातले बरेचसे मीठ बाहेर टाकले जाते, आणि जो खारा द्रव आतच अडकून राहतो त्याच्या केसाएवढ्या बारीक वाटा बर्फात सर्वत्र तयार होतात. लांबलचक हिवाळी रात्रीनंतर सूर्य वर आला, की या वाटांत आणि बर्फाच्या खालच्या अंगाला शैवाल धरते; वसंतात बर्फाची लादी उलटी करून पाहिली तर तिचा तळ तपकिरी दिसतो. उघड्या पाण्यातले वनस्पतीप्लवक वाढू लागण्याच्या कितीतरी आधी हे शैवाल तयार असते आणि कोपेपॉडसारख्या सूक्ष्म जीवांना हिवाळ्यानंतरचे पहिले अन्न त्यातून मिळते. या जीवांवर पोलर कॉड हा वीतभर लांबीचा मासा जगतो. त्याच्या रक्तात ते गोठू न देणारी प्रथिने असतात आणि त्याची पिले बर्फाच्या कपारींत लपून वाढतात. कॉडवर सील जगतात आणि सीलवर ध्रुवीय अस्वल आणि माणूस. कोकणात पहिल्या पावसानंतर खाचरात जी जीवसृष्टी उसळते, ती तिथे बर्फाच्या पोटाला, डोके खाली करून उसळते, असे मी आज मुलांना सांगितले असते.

बर्फाच्या वरच्या बाजूलाही संसार आहे. रिंग्ड सीलला इनुइट ‘नात्सिक’ म्हणतात. किनाऱ्याला घट्ट धरून असलेल्या बर्फात ही सील हिवाळाभर पुढच्या पायांच्या नखांनी श्वासासाठी भोके मोकळी ठेवते. त्या भोकाला ‘आग्लू’ असा स्वतंत्र शब्द आहे. वसंताच्या सुरुवातीला मादी अशाच एखाद्या भोकावरच्या भुसभुशीत हिमात गुहा कोरते आणि तिथे पिलाला जन्म देते. हिम वेळेवर आणि पुरेसे पडले नाही तर गुहा होत नाही, आणि अवेळी पाऊस आला तर तिचे छप्पर कोसळून उघडे पडलेले पिलू अस्वलाच्या किंवा कोल्ह्याच्या तावडीत सापडते. जमिनीला जोडलेला बर्फ जिथे संपतो आणि खुले पाणी सुरू होते ती कड म्हणजे ‘सिनाक’. आपल्याकडे जसे खाडीच्या तोंडाला मासळीचे मोसम ठरलेले असतात, तशीच त्या कडेवर व्हेल, वॉलरस आणि पक्षी यांची ये-जा ठरलेली असते, आणि शिकारी तिथेच मुक्काम करतात. गावाकडून सिनाकपर्यंत जायचे, तर बर्फावरून जाणारी पायवाट हवी. उन्हाळ्यात बोटीने जाता येते, हिवाळ्यात स्नोमोबाइलने किंवा कुत्र्यांच्या घसरगाडीने, पण अर्धवट गोठलेल्या समुद्रावरून कशानेच जाता येत नाही. हे मधले, कशाच्याच कामाचे नसलेले दिवस आता वाढत चालले आहेत.

आकडे आपल्या संस्थेला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहेत, तरी पत्र उघड असल्याने वाचकांसाठी दोन-तीन लिहिते. उपग्रहांची सलग नोंद 1979 पासून आहे. सप्टेंबरात आर्क्टिकचा समुद्री बर्फ वर्षातल्या सर्वांत कमी विस्तारावर येतो. 1980 च्या दशकात हा विस्तार सरासरी 70 लाख चौरस किलोमीटरच्या आसपास असे, तो 2012 मध्ये 34 लाखांपर्यंत खाली आला. त्याहूनही मला अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळी आहे. 1980 च्या दशकाच्या मध्यास हिवाळ्याअखेर जो बर्फ असे, त्यातला सुमारे एक तृतीयांश चार वर्षांहून जुना, जाड आणि भरवशाचा असे. आज ते प्रमाण पाच टक्क्यांच्या आत आले आहे. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर बर्फ हिवाळ्यात दिसतो पूर्वीसारखाच, पण तोलायला पूर्वीसारखा राहिलेला नाही, आणि त्यावर पाऊल टाकणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक जिवावरचा आहे. हवामानबदलाच्या आंतरशासकीय मंडळाने 2021 च्या अहवालात नोंदवले, की 2050 पूर्वी किमान एका सप्टेंबरात आर्क्टिक समुद्र जवळजवळ बर्फरहित होण्याची शक्यता सर्व पर्यायी परिस्थितींमध्ये आहे.

यात आपला वाटा किती? दिर्क नोट्झ आणि ज्युलिएन स्ट्रोव्ह या शास्त्रज्ञांनी 2016 मध्ये दाखवून दिले, की हवेत सोडल्या जाणाऱ्या प्रत्येक टन कार्बन डायऑक्साइडमागे सप्टेंबरातील सुमारे 3 चौरस मीटर समुद्री बर्फ नाहीसा होतो. एका भारतीयाचे वार्षिक उत्सर्जन सरासरी दोन टनांच्या आसपास आहे, म्हणजे आपल्यापैकी प्रत्येकाच्या नावावर दरवर्षी सहा चौरस मीटर, दहा फूट बाय साडेसहा फुटांची एक लहानशी खोली. अमेरिकी नागरिकाच्या नावावर त्याच्या सहा-सात पट. श्रीमंत देशांनी दीडशे वर्षे जे केले त्याचा भार भारतावर टाकावा असे मी मुळीच म्हणत नाही. जागतिक वाटाघाटींत आपण जी न्यायाची भूमिका घेतो ती मला मान्य आहे. परंतु ज्या समाजाच्या नावावर यातले जवळजवळ काहीच नाही आणि ज्याच्या पायाखालचा बर्फ सर्वांत आधी जात आहे, त्या समाजासमोर बोलताना हीच न्यायाची भाषा आपल्यालाही लागू होते.

अलास्कातील शिश्मरेफ हे इन्युपियात लोकांचे बेटावरचे गाव घ्या. पूर्वी शरदाच्या अखेरीस किनाऱ्याला बर्फ धरत असे आणि चुकची समुद्रातल्या वादळी लाटा त्या बर्फावर फुटत. आता वादळे येतात तेव्हा बर्फ आलेला नसतो, आणि लाटा थेट मातीवर येतात. त्या मातीतला कायमचा गोठलेला थरही सैल झाला आहे. 2016 मध्ये गावकऱ्यांनी मतदान करून स्थलांतराचा कौल दिला. धरणात गाव गेलेल्या आपल्याकडच्या माणसांना त्या मतदानात काय असेल, हे समजावून सांगावे लागणार नाही. त्याच किनाऱ्यावर पॉइंट ले या गावाजवळ 2014 च्या सप्टेंबरात सुमारे 35 हजार वॉलरस जमिनीवर आले, कारण उथळ समुद्रतळाशी शिंपले खाऊन विसावा घेण्यासाठी त्यांना जे तरंगते बर्फ लागते ते खोल समुद्राकडे सरकले होते. रशियातील यमाल द्वीपकल्पावर तर समुद्री बर्फाची झळ समुद्रापासून दूर, नेनेत्स पशुपालकांना बसली. 2013 च्या नोव्हेंबरात हिमावर पाऊस पडला, तो गोठून कुरणावर बर्फाचे कवच बसले आणि खालच्या दगडफुलापर्यंत न पोहोचलेले सुमारे 61 हजार रेनडिअर उपासमारीने मेले. पुढे झालेल्या अभ्यासात या पावसाचा संबंध बॅरेंट्स आणि कारा समुद्रांतील बर्फ कमी असण्याशी जोडला गेला.

कारा समुद्राचे नाव आपल्या कानांना अपरिचित नाही. वास्कोच्या आपल्याच केंद्रातील शास्त्रज्ञांनी 2021 मध्ये याच समुद्रातल्या उन्हाळी बर्फाचा आणि मध्य भारतात सप्टेंबरात होणाऱ्या अतिवृष्टीचा संभाव्य संबंध मांडला होता. सोयाबीन काढणीला आलेले असताना येणारा पाऊस काय करतो हे विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्याला विचारावे. त्यामुळे आपण आर्क्टिकचा अभ्यास मान्सूनसाठी करतो याला माझा आक्षेप नाही, तो व्हायलाच हवा. माझे म्हणणे एवढेच आहे, की एकाच समुद्राच्या बर्फाने यमालचा रेनडिअरपाळ आणि कदाचित यवतमाळचा शेतकरी बांधले गेले असतील, तर आपल्या अभ्यासात त्या पहिल्या माणसालाही जागा असावी.

आणि ही जागा दयेपोटी द्यायची नाही, कारण त्या माणसाला जे माहीत आहे ते आपल्या उपकरणांना माहीत नाही. 1977 सालची गोष्ट आहे. आंतरराष्ट्रीय व्हेल आयोगाने अलास्कातील मूलनिवासींच्या बोहेड व्हेलच्या शिकारीवर बंदी आणली, कारण बर्फाच्या कडेवर उभे राहून केलेल्या मोजणीनुसार या व्हेल दोन हजारांच्याही आत उरल्या होत्या. अलास्काच्या उत्तर टोकावरील उत्किआग्विकच्या आणि आसपासच्या गावांच्या शिकाऱ्यांनी सांगितले, की मोजणी चुकली आहे. व्हेल फक्त कडेवरच्या मोकळ्या पाण्यातून जात नाहीत, त्या बर्फाखालून जातात, डोक्याने बर्फ फोडून श्वास घेतात आणि किनाऱ्यापासून कितीतरी लांबूनही जातात. शास्त्रज्ञांना हे सहजासहजी पटले नाही. शिकाऱ्यांनी स्वतःचा आयोग स्थापन केला, स्थानिक प्रशासनाने संशोधनाला पैसा दिला, पाण्याखाली ध्वनिग्राहक सोडले गेले, आणि बर्फाखालून जाणाऱ्या व्हेलचे आवाज नोंदले गेले. संख्या वाढत गेली; 2011 च्या मोजणीत ती 17 हजारांच्या घरात निघाली. मधल्या काळात कळप वाढलाही, हे खरे आहे. पण व्हेल कुठून जाते, या मूळ प्रश्नावर शिकारी बरोबर होते आणि मोजणारे चुकले होते. मी शिक्षिका असताना ही हकीकत मला ठाऊक असती, तर टंड्राचा धडा मी इथूनच सुरू केला असता.

आता आपल्या जबाबदारीकडे येते. 1996 च्या ओटावा जाहीरनाम्याने स्थापन झालेल्या आर्क्टिक परिषदेत आठ राष्ट्रांच्या बरोबरीने सहा मूलनिवासी संघटना स्थायी सहभागी म्हणून बसतात. अलास्का, कॅनडा, ग्रीनलंड आणि रशियातील चुकोत्का येथील सुमारे 1 लाख 80 हजार इनुइटांच्या वतीने बोलणारी इनुइट सर्कमपोलर कौन्सिल त्यांपैकी एक. सामी, अलेउत, अथाबास्कन, ग्विचिन आणि रशियाच्या उत्तरेतील अल्पसंख्य समाज यांच्या इतर. 2013 मध्ये स्वीडनमधील किरुना येथे भारताला या परिषदेचे निरीक्षकपद मिळाले. निरीक्षकांसाठीचे निकष त्याआधी 2011 मध्ये ग्रीनलंडमधील नुक येथे ठरले होते, आणि त्यांत दोन गोष्टी स्पष्ट आहेत. आर्क्टिकमधील मूलनिवासींची मूल्ये, हितसंबंध, संस्कृती आणि परंपरा यांचा निरीक्षकाने आदर करावा, आणि स्थायी सहभागी संघटनांच्या कार्याला हातभार लावण्याची राजकीय इच्छा आणि आर्थिक क्षमता त्याने दाखवून दिलेली असावी. या अटी मान्य असल्याचे सांगूनच आपण त्या दालनात बसलो आहोत.

मार्च 2022 मध्ये आपले आर्क्टिक धोरण प्रसिद्ध झाले. त्याचे सहा स्तंभ आहेत, आणि मूलनिवासी समाजांचा त्यात उल्लेखच नाही असे मी म्हणणार नाही. पण हा उल्लेख मुख्यतः आर्थिक आणि मानवी विकासाच्या स्तंभाखाली येतो, खनिजांच्या आणि गुंतवणुकीच्या शेजारी. वाहतुकीच्या स्तंभात वितळणाऱ्या बर्फातून खुल्या होणाऱ्या सागरी मार्गांची चर्चा आहे आणि रशियाशी त्याच्या आर्क्टिक किनाऱ्यालगतच्या उत्तर सागरी मार्गाबाबत आपल्या बैठकाही होत आहेत. जो बर्फ एका कागदावर अडथळा म्हणून मांडला जातो, तोच नेनेत्स, चुकची किंवा इनुइट माणसाची वाट असतो. बर्फफोड्या जहाजाने तो चिरला की मागे राहते ते पाण्याचे पट्टे किंवा पुन्हा गोठलेले खडबडीत तुकडे, आणि पलीकडे गेलेल्या शिकाऱ्याला परतीचा मार्ग राहत नाही.

म्हणून माझी पहिली मागणी जहाजांविषयी आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 1 जुलै 2024 पासून आर्क्टिकमध्ये जहाजांनी जड इंधन तेल वापरण्यावर आणि इंधन म्हणून बाळगण्यावर बंदी घातली. मात्र इंधनटाक्यांना दुहेरी कवच असलेल्या जहाजांना 2029 पर्यंत सवलत आहे, आणि किनारी राष्ट्रे स्वतःच्या ध्वजाच्या जहाजांनाही तोवर सूट देऊ शकतात. या तेलाची काजळी बर्फावर बसली की बर्फ अधिक ऊन शोषतो, आणि तेल सांडले तर त्या थंडीत ते काढण्याचा खात्रीचा मार्ग नाही. भारताचा ध्वज असलेले किंवा भारतीय माल घेऊन जाणारे जहाज त्या मार्गाने जाणार असेल, तर ते 2029 ची वाट न पाहता या तेलाशिवाय जाईल आणि वसंतातल्या शिकारीच्या काळात किनाऱ्याला धरलेला बर्फ फोडणार नाही, असे आपण स्वतःहून जाहीर करावे. इनुइट सर्कमपोलर कौन्सिलला 2021 मध्ये त्या सागरी संघटनेत तात्पुरता सल्लागार दर्जा मिळाला; मूलनिवासींच्या संघटनेला तो तिथे प्रथमच मिळाला. तिथे त्यांचे प्रतिनिधी बोलतील तेव्हा भारताचा प्रतिनिधी त्यांच्या बाजूने उभा राहावा.

दुसरी मागणी उपग्रहांची, आणि ती मला सर्वांत आशादायक वाटते. कॅनडाच्या लॅब्राडोर किनाऱ्यावरील नाइन या इनुइट गावात 2009-10 चा हिवाळा इतका उबदार गेला, की ओळखीच्या वाटांवरूनही लोक बर्फातून खाली पडले. त्यातून ‘स्मार्टआइस’ हा उपक्रम उभा राहिला. घसरगाडीला, म्हणजे त्यांच्या ‘कामुतिक’ला, बर्फाची जाडी मोजणारे यंत्र जोडायचे, गावातल्याच तरुणांना ते चालवायला शिकवायचे, आणि त्यांची मोजमापे, उपग्रहचित्रे आणि जुन्या शिकाऱ्यांचे ज्ञान एकत्र करून गावकऱ्यांच्या भाषेत बर्फाचा नकाशा द्यायचा. कोणते मोजमाप घ्यायचे आणि कोणाला दाखवायचे, हे गाव ठरवते. भारताने 30 जुलै 2025 रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या ‘निसार’ उपग्रहाचे रडार ढगांतून आणि ध्रुवीय रात्रीच्या अंधारातूनही पाहू शकते, आणि समुद्री बर्फ हा त्याच्या अभ्यासाचा विषय आहेच. बारा दिवसांच्या त्याच्या फेरीने रोजचा बर्फ कळणार नाही, हे मी जाणते. पण भेगा कुठे वारंवार पडतात आणि बर्फ कुठे उशिरा धरतो, एवढे तरी त्यातून नक्की मांडता येईल. इस्रोच्या साहाय्याने आपल्या मंत्रालयाने अशा गावांशी बोलून, त्यांना हव्या त्या स्वरूपात, विनामूल्य नकाशे द्यावेत. स्थायी सहभागींच्या कार्याला हातभार लावणे म्हणतात ते मला वाटते असेच असावे.

तिसरी गोष्ट संमतीची आहे आणि तिला पैसाही लागत नाही. कॅनडातील इनुइटांच्या राष्ट्रीय संघटनेने 2018 मध्ये संशोधनाविषयीचे आपले धोरण प्रसिद्ध केले, आणि 2022 मध्ये इनुइट सर्कमपोलर कौन्सिलने इनुइटांशी न्याय्य व्यवहार कसा करावा याचे शिष्टाचार लिहून दिले. भारतीय संस्थेच्या पैशातून आर्क्टिकमध्ये होणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाला हे शिष्टाचार बंधनकारक करावेत, आणि संशोधकांच्या मायदेशी परतण्याबरोबर निष्कर्ष त्या गावांतही परत जावेत. आपल्याला हे नवे नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेचा अधिकार मानला आणि 2009 मध्ये गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाला त्याच्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. जंगलाबाबत जे तत्त्व आपल्या कायद्याने स्वीकारले, ते गोठलेल्या समुद्राबाबत परदेशात गेल्यावर विसरण्याचे कारण नाही.

हिमाद्रीसमोरच्या कोंग्सफ्योर्ड या जमिनीत शिरलेल्या अरुंद खाडीत (फ्योर्डमध्ये) आपल्या शास्त्रज्ञांनी 2014 पासून पाण्याखाली उपकरणे ठेवली आहेत. त्या फ्योर्डमध्ये 2006 पासून पूर्वीसारखा हिवाळी बर्फ क्वचितच धरतो, हे त्यांच्याइतके जवळून फार थोड्या भारतीयांनी पाहिले असेल. त्यांच्या कामाविषयी मला नितांत आदर आहे, आणि हे पत्र त्यांच्याविरुद्ध नाही.

या पत्राला उत्तर मिळावे अशी विनंती आहे, आणि त्या उत्तरात एवढे तरी असावे: 2013 पासून आजवर भारताने सहा स्थायी सहभागी संघटनांपैकी कोणाच्या कोणत्या कामाला, किती रकमेचा किंवा कोणत्या स्वरूपाचा हातभार लावला, आणि येत्या दोन वर्षांत काय करण्याचे ठरवले आहे. उत्तर मराठीत मिळाले तर मी ते माझ्या जुन्या शाळेच्या फलकावर लावून घेईन, कारण तिथल्या भूगोलाच्या तासाला अजूनही टंड्राचा धडा शिकवला जातो.

आपली नम्र,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका
रत्नागिरी